झुरळं गेल्यावर

१४ मार्च १९८२, रविवार
भिलाई, सेक्टर १०

पोचलो एकदाचे! लग्नाला दोन वर्षं झाली, पण माझा संसार वर्ध्याला सासूबाईंच्या हाताखाली आणि ह्यांचा इथे भाड्याच्या खोलीत, असा चालला होता. आता क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड, आणि डोक्यावर कुणी नाही. निघताना सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मीही लावला. पण गाडी सुटल्यावर मला इतकं हसू यायला लागलं की ह्यांनी देवूला माझ्या मांडीवर ठेवून दिलं. लोकांना वाटावं, बाई बाळाशी हसते आहे.

देवू म्हणजे आमचे चिरंजीव. सासऱ्यांचं नाव ठेवलंय, देवराव. पण पाच महिन्यांच्या जिवाला देवराव कोण म्हणणार? दिसेल ते तोंडात घालणं हा त्यांचा सध्याचा उद्योग. ह्यांच्या डाव्या हाताची तर्जनी तर त्याला इतकी आवडते की ती चोखल्याशिवाय झोपत नाही.

हे पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनमध्ये चार्जमन आहेत, शिफ्टची ड्यूटी. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की तांबडी धूळ येते. मी आल्याआल्या सगळ्या खिडक्या पुसून काढल्या. हे म्हणाले, वसू, कारखाना चोवीस तास चालतो, तू किती वेळ पुसणार? मी म्हटलं, मीही चोवीस तास चालते.

१६ मार्च

आज स्वयंपाकघरातल्या कपाटाचा खालचा कप्पा ओढला आणि किंचाळले. झुरळं! तपकिरी, बोटाएवढी, एकमेकांच्या अंगावर चढलेली. कप्पा उजेडात आला तशी ती सळसळत मोरीकडे गेली आणि मोरीच्या भोकात उतरली. भोक चांगलं रुंद आहे, वर जाळी नाही. मला अजून अंगावर काहीतरी चालल्यासारखं वाटतंय.

ओरडणं ऐकून समोरच्या क्वार्टरमधल्या विजयाकाकू धावत आल्या. यवतमाळच्या आहेत, त्यांचे मिस्टर श्यामराव रोलिंग मिलमध्ये फोरमन आहेत. काकूंचा आवाज असा की त्यांनी कानात सांगितलेलं अख्ख्या गल्लीला कळावं. त्या पोट धरून हसल्या. आमच्या आधी इथे चंपतराव म्हणून एक म्हातारे एकटे राहत. रिटायर होऊन गेले, कुठे गेले कुणाला ठाऊक नाही. ते म्हणे रोज संध्याकाळी मोरीत मूठभर भात टाकायचे. झुरळांसाठी!

“झुरयाइले भात टाके तो बुढा,” काकू सांगत होत्या. “आमी म्हणो, मारत कावून नाई? तं म्हणे, ते हायेत तं बरं हाये, असू द्या.”

माणूस एकटा राहिला की असा होतो बहुतेक. मला त्यांची कीव आली, पण कप्प्याकडे पाहून रागही आला. माझं मूल उद्या या फरशीवर रांगणार आहे.

१९ मार्च

मोहीम सुरू. सिव्हिक सेंटरच्या बाजारातून बोरिक पावडर आणि डांबराच्या गोळ्या आणल्या. बोरिक, कणीक, साखर आणि थोडा कांद्याचा रस एकत्र मळून सुपारीएवढ्या गोळ्या केल्या. हे म्हणाले, इतक्या प्रेमानं तू माझ्यासाठी लाडू नाही वळलेस. कपाटामागे, कोठीखाली, मोरीच्या काठाला, सगळीकडे ठेवल्या. देवूचा हात पोचेल तिथे एकही नाही, हे दोनदा तपासलं. मोरीत उकळतं पाणी ओतलं. ह्यांनी कुणाकडून तरी फवाऱ्याचा पंप आणला आणि तोंडाला रुमाल बांधून फवारणी केली. दरोडेखोरासारखे दिसत होते.

काकू दारात उभ्या राहून सूचना करत होत्या. एकूण मजा आली.

२५ मार्च

जिंकले! तीन दिवस सुपलीच्या सुपल्या भरून मेलेली झुरळं बाहेर टाकली. आज एकही नाही. कपाटाचे कप्पे सोड्यानं धुतले, आत कागद घातले. उद्या पाडवा. गुढी माझ्या स्वतःच्या घरावर उभी राहणार, आणि घर स्वच्छ आहे. काकू गोळ्यांची कृती विचारायला आल्या होत्या. मी जरा भाव खाऊन सांगितली.

३० मार्च

घर फार शांत झालं आहे. झुरळांचा आवाज असतो हे ती गेल्यावर कळलं.

एक गोष्ट मात्र विचित्र. कोपऱ्याकोपऱ्यात ठेवलेल्या बोरिकच्या गोळ्या सगळ्या गेल्या. फोडलेल्या नाहीत, सांडलेल्या नाहीत, अख्ख्याच्या अख्ख्या नाहीशा. त्या खाऊन मेलेलं काही सापडलं नाही. मुंग्या नाहीत, पालीसुद्धा नाहीत. मोरीत खरकटं टाकलं तर पाणी घेऊन वळेपर्यंत दगड लख्ख असतो.

हे म्हणाले, घूस असेल. इथे घुशी मांजराएवढ्या होतात. पण एवढं विष खाऊन जगणारी घूस? म्हणाले, भिलाईची आहे, लोखंड पचवते. मी हसले, पण मोरीच्या भोकावर पाटा ठेवून दिला.

४ एप्रिल, रविवार

देवूचं उष्टावण. आज त्यानं पहिल्यांदा अन्न खाल्लं! माझा भाऊ येऊ शकला नाही, म्हणून श्यामरावकाका मामा झाले. चांदीच्या वाटीत खीर, सोन्याच्या अंगठीनं जिभेला लावली. देवूनं आधी तोंड वाकडं केलं, मग वाटीच तोंडाकडे ओढली. सगळे हसले. मला रडू आलं, का ते माहीत नाही. आनंदच होता.

वाटीत उरलेली खीर आमच्याकडे कुणी खात नाही. पहिल्या अन्नाचं उष्टं ज्याच्या पोटात जातं त्याचा बाळाशी संबंध जडतो म्हणतात, म्हणून ते गाईला घालायचं. सासूबाईंनी बजावून सांगितलं होतं. पण टाउनशिपमध्ये गाय कुठून आणू? वाट पाहिली, एकही फिरकली नाही. खीर आंबायला लागेल म्हणून शेवटी पाटा सरकवून मोरीत ओतली. वरून तांब्याभर पाणी.

पाणी खाली जाताना घशातून घोट उतरावा तसा आवाज आला. पाइप तुंबला असेल.

७ एप्रिल

दुपारचे हे ड्यूटीवर होते. देवूच्या वाटीत थोडा मऊ भात उरला होता, माझ्या ताटात भाजीपोळीचे तुकडे होते. दोन्ही मोरीच्या काठाला ठेवली आणि माठातून पाणी घ्यायला वळले. वाटी रिकामी. नुसती रिकामी नाही, ओली, चकचकीत. माझं ताट जसंच्या तसं. पाटा बाजूला सरकलेला.

घूस असती तर तिनं आधी पोळी पळवली असती.

११ एप्रिल

मी करून पाहिलं. वेडेपणा आहे हे कळत होतं. दोन वाट्यांत सारखाच भात, सारखंच तूप. एकीतला घास देवूला भरवला, दुसरीला त्याचा स्पर्श नाही. दोन्ही मोरीपाशी ठेवल्या आणि दाराआड उभी राहिले. काही दिसलं नाही, अंधारा कोपरा आहे तो. ऐकू मात्र आलं. चोखण्याचा आवाज. च्युक, च्युक, मध्येच थांबून श्वास, पुन्हा च्युक. दात नसलेलं तोंड असतं तसा. देवू दूध पिताना असाच आवाज करतो.

देवूची वाटी चाटून लख्ख. दुसरीतलं शीतसुद्धा हललं नव्हतं.

आधी ते झुरळांवर जगत होतं. चंपतराव झुरळांना भात घालत होते ते कीव येऊन नव्हे, आता कळलं. झुरळं पुरत होती तोवर ते खालीच राहत होतं. मी त्याचं अन्न मारलं, आणि मग माझ्या हातानं बाळाचं पहिलं उष्टं त्याच्या तोंडात घातलं. आता त्याला दुसरं काही चालत नाही.

ह्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

१४ एप्रिल

देवूचं लाळेरं गेलं. दांडीवर वाळत होतं, तिथून. त्याचं लाकडी चोखणं पाळण्यात होतं, तेही गेलं. गोधडीचा जो कोपरा तो चघळतो तेवढाच नाही. कातरलेला नाही, कडा ओली होती आणि बुळबुळीत.

पाळण्यापर्यंत आलं होतं म्हणजे. मी तेव्हा अंगणात होते.

मी ह्यांच्यासमोर रडले, आरडाओरडा केला. शेवटी ते म्हणाले, घुशीचा बंदोबस्त करतो, मग तर झालं?

१६ एप्रिल

ह्यांनी गवंडी आणला. भोकात विटांचे तुकडे घालून वर सिमेंट. भांडी आता अंगणात घासायची. हे बोटानं सिमेंट दाबून म्हणाले, आता तुझी घूस बसली आत. देवूला त्यांनी खांद्यावर घेऊन नाचवलं. मलाही सुटल्यासारखं वाटलं. मी ह्यांच्यासाठी शिरा केला.

१७ एप्रिल

आवाज कोठीमागून येतोय.

भोक बुजवलं तेव्हा ते आत नव्हतं. घरात होतं.

१९ एप्रिल

हे घरी नसताना इथे थांबवेना. देवूला घेऊन काकूंकडे गेले. त्याची वाटी-चमचा, गोधडी सोबत घेतली. काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा केला, म्हणजे विश्वास नव्हताच.

संध्याकाळी काकूंनी देवूला खिमट भरवलं आणि वाटी त्यांच्या मोरीत ठेवली. जरा वेळानं त्या बाहेर आल्या. आवाजच नव्हता त्यांना. माझा हात धरून म्हणाल्या, “पोरी, माह्या मोरीत कोनतरी चोखून राहिलं वो.”

रस्ता ओलांडून आलं. ज्याच्या मागे आलं ती वाटीही घेऊन गेलं.

२१ एप्रिल



सकाळी देवूला काकूंकडे ठेवलं. त्याचं काहीच बरोबर दिलं नाही. काकूंनी नवं झबलं शिवलं होतं ते घातलं, त्यांचीच नवी वाटी. मी स्वयंपाकाला घरी आले. हे रात्रपाळी करून आलेले, आतल्या खोलीत खाटेवर झोपलेले. मी अंगणात धुणं वाळत घालत होते. ह्यांची किंकाळी ऐकली.

डावा हात खाटेखाली लोंबत होता. तर्जनीचं वरचं पेर नाही.

रक्त फारसं नव्हतं. हे नुसते हाताकडे पाहत होते. म्हणाले, झोपेत बोट चोखल्यासारखं वाटत होतं, वसू, मला वाटलं देवू आहे, म्हणून मी हात तसाच राहू दिला.

देवू काकूंकडे होता.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले घूस, आणि टोचून दिलं. मग पुन्हा एकदा जखम पाहिली. म्हणाले, दातांच्या खुणा नाहीत. चोखून चोखून सुटल्यासारखं दिसतंय. 

२३ एप्रिल

देवूला घरी आणलंय. काकूंकडे दोन दिवस काही आलं नाही. काकू त्याला डब्याचं दूध पाजत, वाटी लगेच उकळून घेत, त्याचं जुनं काही जवळ नव्हतं, म्हणून ते तिकडे फिरकलंच नाही. म्हणजे ते त्याच्या मागे येत नाही. त्यानं तोंड लावलेल्या वस्तूंच्या मागे येतं. त्याला स्वतःला काही करत नाही.

एवढं कळल्यावर मी घरभर फिरले. खुळखुळा, दुपटी, झबली, पाळण्याची दोरी, माझ्या पदराचं टोक. जे जे त्यानं चोखलं असेल ते सगळं अंगणात जाळलं. ह्यांनी एका हातानं पेटवलं, मगच देवूला घरी आणलं. ह्यांचं बोट तर गेलंच.

आता घरात त्याचं उष्टं काही उरलेलं नाही.

पाजायला बसले. देवू प्यायला लागला. च्युक, च्युक. आणि खाटेखालून — त्याच्याच बरोबर — च्युक, च्युक. तो थांबला की तेही थांबे. तो लागला की तेही.

उरलं आहे. मी उरले आहे.

२४ एप्रिल

ठरलं. हे देवूला घेऊन उद्या वर्ध्याला जातील, सासूबाईंकडे. काकू सोबत जातील, एका हातानं ह्यांना मूल सांभाळवणार नाही. नवे कपडे, नवी बाटली, डब्याचं दूध.

मी जाणार नाही. मी जिथे, तिथे ते. मी गाडीत बसले तर ते वर्ध्याच्या मोरीतून निघेल.

ह्यांना एवढंच सांगितलं की सामान बांधून, किल्ल्या देऊन दोन-चार दिवसांत मागून येते. खरं सांगितलं असतं तर मला सोडून गेले नसते. काकूंना मात्र शंका आली. “तू कावून नाई येऊन राहिली? पोरगं राहीन का तुह्याबिगर?” मी म्हटलं, दूध तोडायचं आहे.  मग काकू बाजारातून मोगऱ्याचे गजरे घेऊन आल्या. उराशी घट्ट बांध, म्हणाल्या, दूध लवकर आटतं.

दूध आटलं की मी उष्टी राहणार नाही. असं मला वाटतं. मग मी जाईन. एवढाच धीर आहे.

शेवटचं पाजलं त्याला. पिता पिता झोपला. मी त्याला काढलंच नाही छातीपासून.

२५ एप्रिल, रविवार

गेले. पॉवर हाऊस स्टेशनवर पोचवून आले. देवू काकूंच्या कडेवर नवं टोपडं घालून बसला होता, माझ्याकडे झेपावला. मी हात मागे घेतले. असं कधी कुठल्या आईनं केलं असेल का?

तो सुरक्षित आहे. तो सुरक्षित आहे.

घरी आले. खाटेवर पाय वर घेऊन बसले. खाली सरपटल्याचा आवाज झाला, मग थांबला. माझ्या बरोबर खाली.

२६ एप्रिल

दुपार. भोंगा झाला. देवूच्या पिण्याची वेळ. छाती दगड झाली आहे. गजरे घट्ट बांधले. ताप आहे. मोगऱ्याचा वास नकोसा होतोय.

ते वाट पाहतंय. मी पण.

आज थोडं कमी वाटतं. दूध कमी — हो, कमी आहे. आणखी दोन दिवस.

२७ एप्रिल

सकाळी जवळजवळ कोरडी. पेटी भरली. उद्याची गाडी. उद्या देवूला —

दुपार

रडतंय.

खाटेखाली. देवूचा आवाज. तोच हुंदका, तसाच शेवटी वर जाणारा. भूक लागली की तो असाच —

देवू वर्ध्याला आहे. काकूंच्या कडेवर. हा देवू नाही. मी कानांवर उशी दाबली. तरी येतं.

रडू नको. रडू नको रे बाळा —

मी हे बाळाला म्हटलं. कुणाला म्हटलं?

मला माहीत आहे हा देवू नाही. पण दूध कुठे ऐकतं. पान्हा फुटला. गजरे भिजले, चोळी भिजली, थेंब खाटेच्या पट्ट्यांतून खाली —

रडणं थांबलं.

वर येतंय. काठावर — इवली इवली बो —